डॉक्टरांना आपलं काम आणि घर कुठे आहे ते कसं सांगावं

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सिस्टर आहे. आमचे कामगार दवाखान्यात जाताना शुगर-कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट जपून नेतात, पण आपण भट्टीवर असतो की रात्रपाळीला, हे डॉक्टरांना सांगत नाहीत. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका त्यावरही ठरतो. म्हणून जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा.

आधी आठवड्याचे तास, ओव्हरटाइम धरून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा त्याहून जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त दिसला. हिंजवडीत रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनीही हे स्वतःला लागू करून बघावं.

मग कामाची जागा. भट्टीजवळ कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात, त्याच्या छातीत कळ येऊ शकते. पाळी सुटताना डोकं जड होत असेल आणि सुट्टीच्या दिवशी होत नसेल, तर तेही लिहा. मशीनचा आवाज, धूर, दिवसभरचं बसणं, सगळं लिहा.

घर पुणे-नाशिक हायवेला लागून असेल तर तेही महत्त्वाचं. वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोल जातात आणि रक्तवाहिन्यांना त्रास देतात. चालणं मात्र सोडू नका. गर्दीची वेळ आणि मोठा रस्ता टाळून आतल्या गल्लीने चाला.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं शांत टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर आणि कामावर निघण्याआधी मोजा, आकड्याशेजारी पाळी लिहा. घरी वरचेवर १३५/८५ किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि एक काम आजच करा: घराजवळच्या आणि कंपनीजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्रीही सीटी स्कॅन होतं, ते विचारून ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो; लगेच १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि नाशिक फाट्याचा ट्रॅफिकही त्याच वेळेत मोजायचा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ सोबत जाणाऱ्याने लिहून न्यावी.