साठीनंतर मेंदूसाठी चालायला सुरुवात कशी करायची
पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं चाला, मग दर आठवड्याला ५-५ मिनिटं वाढवत ४० वर न्या, आठवड्यातून ३ दिवस बास. हा हिशोब मनाचा नाहीये, २०११ च्या एका अमेरिकन रिसर्चमध्ये १२० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना असंच चालवलं आणि वर्षभराने त्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवीन आठवणी तयार करणारा मेंदूचा भाग, साधारण २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा मात्र कमी झाला!! स्पीड कसा ओळखायचा? चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणायला गेलं की धाप लागली पाहिजे, रमतगमत फिरणं यात धरू नका प्लीज. हार्टचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.