सोयाबीन पोटाला कसं मानवलं

मला दूध पचत नाही आणि मी मांसाहार करत नाही, त्यामुळे प्रथिनांसाठी सोयाबीनवर बरीच भिस्त. पण दुपारी अख्खे दाणे खाल्ले की संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगायचं.

कारण समजलं तशी वाट सापडली. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारं विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. या शर्करा पाण्यात विरघळतात, सगळी मेख इथेच आहे!

घट्ट टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) करताना पाणी निथळून जातं आणि त्याबरोबर बऱ्याचशा शर्कराही. म्हणून सुरुवात तिथून केली. टोफू फडक्यात गुंडाळून त्यावर जड भांडं ठेवते, सुटलेलं पाणी टाकून देते. अगदी मऊ, लिबलिबीत टोफूत पाणी तसंच राहतं; तो मला आजही सोसत नाही. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र छान मानवलं, कारण आंबवताना या शर्करा कमी होतात. अख्खे दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात बोटांनी सहज चिरडतील इतके शिजवते. तेही वाटीभर नाही, चार चमचेच.

ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) वर्ज्य असेल तर सोया सॉसची बाटली नीट वाचा, बऱ्याच सॉसमध्ये गहू असतो. आणि ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास अडकणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं आहेत. तिथे यातलं काहीही करून बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.