ताप गेला, पण दुखणं राहिलं? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी कुणी ना कुणी अंथरूण धरतं. कुठे डेंग्यू, कुठे चिकुनगुन्या, कुठे नुसतंच 'व्हायरल'. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, घरचे मोकळा श्वास घेतात आणि खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. महिना उलटला तरी माणूस म्हणतो, "ताप गेला की ओ, पण अंगात जीवच नाही." थर्मामीटर नॉर्मल, रक्ताचे रिपोर्टही बहुतेक नॉर्मल. मग एक तर 'सोंगं करतोय' असा शिक्का बसतो, नाहीतर सलाईन, इंजेक्शन आणि टॉनिकचा मारा सुरू होतो. या दोन्हींत दुखणं नेमकं काय आहे हे बघायचं राहूनच जातं.

ताप उतरला म्हणजे सुटलो, असं समजणं

डेंग्यूत गणित उलटं आहे. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचे २४ ते ४८ तास नेमके तेव्हाच सुरू होतात. या काळात रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, माणूस एकदम तळमळणं किंवा गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "प्लेटलेट किती?" पण रक्त किती घट्ट झालंय हे सांगणारा पीसीव्हीचा आकडा तितकाच महत्त्वाचा, आणि तो कुणीच विचारत नाही. पपईच्या पानांचा रस काढण्यात सगळं घर गुंतलेलं असतं आणि पेशंटचे पाय गार आहेत का, लघवी शेवटची कधी झाली, याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तारीख लिहून न ठेवणं

ताप आला तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. पुढचं निम्मं निदान त्या गोलावर अवलंबून असतं.

दोन-तीन आठवडे थकवा, तोंडाला चव नसणं, झोप न लागणं हे मोठ्या तापानंतर चालायचंच. चार आठवडे होऊनही रोजचं काम जमत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. कोविडच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली व्याख्याच केली: संसर्ग झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडत नाहीत अशी लक्षणं. त्यात थकवा, धाप आणि डोक्यात धुकं साचल्यासारखं होणं ही मुख्य. बोलता बोलता शब्द न आठवणं, हिशेब चुकणं, गॅसवर दूध ठेवून विसरणं हेही त्यातच येतं.

केसांचं तर तारखेशिवाय कळतच नाही. ताप येऊन दोन-तीन महिने झाले की फणीत पुंजकेच्या पुंजके येऊ लागतात, आणि तोवर ताप विसरलेला असतो. दोष बोअरच्या पाण्याला नाहीतर नव्या शाम्पूला. हे केस बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात, महागड्या तेलाची गरज नसते.

सांध्यांसाठी मेडिकलमधून 'पुडी' आणणं

२००६ साली चिकुनगुन्याने देशभरात १३ लाखांहून अधिक लोकांना गाठलं आणि त्यात सगळ्यांत जास्त झळ कर्नाटकाला बसली. आपल्या भागातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना ती साथ चांगली आठवते. माणसं चालत दवाखान्यात गेली आणि दोघांच्या आधाराने परत आली. त्या सांधेदुखीचा स्वभाव आजही तोच आहे. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत आणि काहींचे वर्षानुवर्षं त्रास देतात.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचं दुखणं बघा. सकाळी मूठ मिटत नाही. तंबाखू भरून पान वळता येतं कसंबसं, पण दोरा बांधताना अंगठा आणि पहिलं बोट साथ देत नाही. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे घरी बसणं परवडत नाही. मग मेडिकलमधून सुट्ट्या गोळ्यांची पुडी येते. दुसऱ्या दिवशी हात पिसासारखे हलके! अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने सूज झटक्यात ओसरते खरी, पण आठवडेच्या आठवडे घेतलं तर साखर आणि बीपी चढतं, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर शरीर कोलमडू शकतं. डॉक्टरांनी मोजून दिलेलं स्टेरॉइड वेगळं, नाव नसलेली पुडी वेगळी.

दुसरी गोष्ट, तापाच्या पहिल्या दिवसांत डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नकोच, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पॅरासिटामॉलच, तेही सांगितलेल्या डोसात. ताप जाऊन सांधे राहिले तर पुढच्या गोळ्या डॉक्टर मूत्रपिंड आणि पोट बघून ठरवतील. हात पूर्ण बांधून ठेवू नका. सकाळी कोमट पाण्यात बोटं हळूहळू उघडझाप करणं बऱ्याच जणांना मानवतं. तीन महिन्यांनंतरही सूज असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना गाठा. कधी कधी चिकुनगुन्याच्या आडून खरा संधिवात सुरू झालेला असतो.

'एक सलाईन लावा ओ डॉक्टर'

ही मागणी इतकी रूढ आहे की नाही म्हणणारा डॉक्टर वाईट ठरतो. म्हणून जरा हिशेब करू. ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. यात ताकद कुठून येणार? उलट्या थांबत नाहीत, शरीर सुकलंय, डेंग्यूत रक्त घट्ट झालंय, तिथे सलाईन जीव वाचवतं. महिन्याभराच्या थकव्यावर मात्र दोन तास पडून राहिल्याची हुशारी तेवढी मिळते. त्या पैशांत आठवडाभराची अंडी, कडधान्यं आणि दूध येतं. पेशंटला मधुमेह असेल तर ते साखरेचं पाणी उलट तापदायकच.

'कामाला लागलं की आपोआप बरं वाटेल'

सगळ्यांत जास्त नुकसान हा सल्ला करतो, आणि तो देणारी माणसं प्रेमाचीच असतात.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात यंत्रमागावर काम करणारा माणूस धरा. पाळीभर दोन मागांमध्ये उभं राहायचं, तुटलेली तार जोडायची, धोट्यातली कांडी बदलायची. ताप जाऊन तीन आठवडे झाले, सोमवारी बरं वाटलं म्हणून गेला आणि पूर्ण पाळी काढली. सोमवारी रात्री काही नाही. मंगळवारी संध्याकाळी अंग जड झालं. बुधवारी उठवेना, घसा दुखतोय, डोकं भणभणतंय, उजेड नको, बोलणं नको. घरचे म्हणतात परत ताप आला, पण थर्मामीटर साफ. शनिवारी सावरला, सोमवारी पुन्हा कामावर आणि पुन्हा तेच चक्र.

श्रमानंतर लगेच नव्हे, तर १२ ते ४८ तासांनी येणारी ही घसरण ओळखायला शिका. ती कोविडनंतर बऱ्याच जणांत दिसली, इतर विषाणूंनंतरही दिसते. साध्या अशक्तपणात आज दहा मिनिटं चालला तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं चालवतं. इथे उलट होतं, रेटलं की क्षमता आणखी खाली जाते. म्हणून बरं वाटेल त्या दिवशीही जमतंय त्यापेक्षा कमी करायचं. दमल्यावर बसण्याऐवजी दमण्याआधी बसायचं. भाताची लावण असेल तर वाफ्यात उतरण्यापेक्षा बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या मोजून द्यायच्या, आणि चार लोक काय म्हणतात ते म्हणू द्यायचं. आठ-पंधरा दिवस वहीत रोज दोन ओळी लिहा: काय केलं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटलं. कुठल्याही रक्ताच्या तपासणीपेक्षा ती वही डॉक्टरांना जास्त सांगून जाते.

उभं राहिलं की छाती धडधडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, असं असेल तर आणखी एक गोष्ट घरी बघता येते. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांपर्यंत अधूनमधून मोजा. शेजारी कुणीतरी हवंच, भोवळ येऊ शकते. मोठ्या माणसात नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहत असेल तर तो आकडा लिहून डॉक्टरांना दाखवा. अशा कित्येकांना 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं जातं.

सगळं व्हायरसच्या माथी मारणं

ही उलट्या बाजूची चूक. तापानंतर खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो हे खरं. पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की थुंकी तपासून घ्यावी, मग तो 'तापानंतरचा' असो वा नसो. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, संध्याकाळी कणकण वाटतेय, तर एक दिवसही घालवू नका.

थकव्यासाठी आधी साध्या तपासण्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बी-१२. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया म्हणतात, आणि आपल्याकडे नऊवर वर्षानुवर्षं राबणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. त्यांच्या थकव्याला 'बायकांचं असतंच' एवढंच उत्तर मिळतं. मन उदास राहणं, कशात रस नसणं हेही सांगायला लाजू नका. ते औषधाने आणि बोलण्याने सुधारतं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या आणि काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे जाणाऱ्या लोकांसाठी एक वेगळी नोंद. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सापडलेला माकडताप गोचिडीतून येतो. २०१५ ला सत्तरीत आणि २०१६ ला दोडामार्ग भागात त्याची साथ आली होती. काहींना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा ताप येतो, सोबत जबर डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं. जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

थांबायचं नाही अशा खुणा

पायांतून सुरू होऊन वर चढत जाणारी कमजोरी, मुंग्या, चप्पल पायातून निसटणं, गिळताना त्रास: हा गुइलेन-बॅरे हा नसांचा आजार असू शकतो, ज्याचे बरेच रुग्ण २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात एकदम सापडले. छातीत दुखणं, झोपल्यावर धाप लागणं, एकच पाय सुजून दुखणं, फिट येणं. यात १०८ ला फोन करायचा.

अर्धी फाईल बेळगावात, अर्धी मिरजेत

ही आपल्या सीमाभागाची खास अडचण. ताप आला तेव्हा गावातला डॉक्टर, मग बेळगावचं जिल्हा रुग्णालय, कुणी सांगितलं म्हणून मिरज, पाहुणे आहेत म्हणून कोल्हापूर, खानापूरचे लोक गोव्याला बांबोळीलाही जातात. रिपोर्ट इंग्रजीत, योजनेचा कागद कन्नडमध्ये, आजीचं गाऱ्हाणं मराठीत. नवा डॉक्टर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करतो आणि पैसे पुन्हा जातात.

म्हणून सगळं एका फायलीत, तारखेप्रमाणे. वर एक कागद: ताप कधी आला, कुठली टेस्ट पॉझिटिव्ह होती, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर रिकामी पाकिटंच न्या. दवाखान्यात 'अशक्तपणा आहे' म्हणू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'आधी कळशी उचलून जिना चढत होते, आता रिकाम्या हाताने मध्ये थांबावं लागतं' असं सांगा. सोबत घरातलं रोज बघणारं माणूस हवं, कारण डॉक्टरांसमोर बसलं की निम्म्या पेशंटना सगळं बरंच वाटायला लागतं. आणि परत आल्यावर कागद त्याच फायलीत ठेवा. पुढच्या खेपेला मिरजेच्या डॉक्टरांना बेळगावचा रिपोर्ट लागणारच आहे.