टेस्ट ड्राइव्हला आधी मागच्या रांगेत बसा

सात सीटर घ्यायची असेल तर शोरूममध्ये आधी स्टिअरिंग धरूच नका. घरच्या सगळ्यांना घेऊन जा आणि थेट तिसऱ्या रांगेत बसा. पुढच्या सीट कुठल्याही गाडीत चांगल्याच असतात. जास्तीचे पैसे आपण मोजतो ते मागच्या जागांसाठी, आणि सेल्समन त्या आपणहून दाखवत नाही.

बसायचीही रीत आहे. आधी जो गाडी चालवणार, त्याच्या उंचीप्रमाणे पुढची सीट लावा. मग मधल्या रांगेत घरातला सगळ्यात उंच माणूस बसवा आणि त्यानंतर मागे जा. नाहीतर सेल्समन मधली सीट हळूच पुढे ढकलतो आणि म्हणतो, "बघा मॅडम, किती जागा!" मागे बसल्यावर मांडी आणि सीट यांच्यामध्ये हात घालून बघा. अख्खा तळवा आत गेला, तर मांडीला आधार नाही. तिथली फरशी उंच असते, त्यामुळे गुडघे वर येतात. आम्ही भांडुपचे, दर गणपतीला मालवण. परशुराम घाट येईपर्यंत मागच्याचे पाय बधिर झालेले असतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी त्यांना मधल्या रांगेतही दोनदा चढायला-उतरायला लावलं. पकडायला हँडल हवंच. मधे कॅप्टन सीट, म्हणजे दोन सुट्या सीट असतील तर मागे जाणं सोपं, पण माणसं सहाच मावतात.

वेळ भर दुपारची घ्या, गाडी उन्हात उभी असलेली. एसी लावून दहा मिनिटं मागेच बसून राहा. काही गाड्यांत तिथे नुसता पंखा असतो, तो मधल्या रांगेतली हवा मागे ढकलतो. आवाज मोठा, गारवा बेताचा.

आता चालवा, पण सगळ्यांना बसवून. एकट्याने हायवेवर पळवली तर इंजिनाचं काहीच कळत नाही. आमच्याकडे भांडुप पश्चिमेला टेकडीवर जाणारे रस्ते आहेत. तसा चढ गाठा, एसी चालू ठेवा, अर्ध्यावर थांबवा आणि पुन्हा उचला. मग जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) रांगत्या ट्रॅफिकमध्ये शिरा. ऑटोमॅटिक घेणार असाल तर तिचे झटके तिथेच कळतात. स्पीडब्रेकरवर मागच्यांना विचारा, पुढे बसून ते समजत नाही.

डिकीचे आकडे वाचून पोट भरत नाही. तिसरी रांग उभी असताना अल्काझारला 180 लिटर, कॅरेन्सला 216, हायक्रॉसला 300. म्हणजे सात माणसांचं सामान कुठल्याच गाडीत धड मावत नाही, त्यात मालवणहून येताना तांदूळ आणि नारळ असतातच! घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि डिकी लावून बघा. कॅरियरचा खर्च आत्ताच धरा.

सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर प्लॅटफॉर्मची लांबी-रुंदी टेपने मोजा आणि वजनाची मर्यादा सेक्रेटरींना विचारा. एर्टिगा साधारण 4400 मिमी लांब, 1735 रुंद. सफारी 4668 आणि 1922. मधे खांब असला तर दार किती उघडतं तेही बघा.

टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुतेक वेळा टॉप मॉडेल असते. तुम्ही घेणार त्या व्हेरिएंटमध्ये तिसऱ्या रांगेचा एसी आहे का, पडद्यासारख्या एअरबॅग तिथपर्यंत येतात का, हे ब्रोशरवर बोट ठेवून विचारा. बुकिंगची रक्कम त्यानंतर.