तीन कार्ब, एक बाटली: जुन्या मसल कारला नायट्रस लावताना या चुका टाळा

डेट्रॉइटच्या उपनगरांत ऑगस्ट जवळ आला की वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या मसल कारची वर्दळ सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी मराठी पोरगा असतो. इथल्या एखाद्या गाड्यांच्या कंपनीत नोकरी, पैसे साठवून हौसेनं घेतलेली 1966 ची पॉन्टियॅक जीटीओ किंवा 1970 ची प्लिमथ रोड रनर, आणि प्रश्न ठरलेला: “काका, नायट्रसचं किट आलंय. शनिवारी बसवलं तर रविवारी ट्रॅकवर नेता येईल ना?”

नाही नेता येणार. एका कार्बची, म्हणजे कार्ब्युरेटरची, गाडी असती तरी मी एवढी घाई करू दिली नसती. इथे तर जीटीओवर तीन रॉचेस्टर कार्ब आहेत, रोड रनरच्या 440 इंजिनावर तीन होली आहेत आणि 426 हेमी इंजिनावर एकामागे एक दोन कार्टर एएफबी. बाजारात मिळणारी बरीच किटं मात्र एका चौबॅरल (चार नळ्यांच्या) कार्बसाठी बनवलेली असतात. सोबतचं माहितीपत्रकही त्याच हिशेबानं लिहिलेलं असतं. तेच जसंच्या तसं तीन कार्बना लावायचं, इथूनच बहुतेक नुकसान सुरू होतं.

नायट्रस, म्हणजे बाटलीतून इंजिनात सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू, हे इंधन नव्हे, एवढं आधी डोक्यात पक्कं बसू द्या. हवेत वजनानं साधारण 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये 36 टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेनं, साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे, तो फुटतो आणि जास्तीचा ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनला त्याच क्षणी, त्याच सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल मिळालं तर ताकद मिळते. नाही मिळालं तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळतं. त्यामुळे इंजिनाला एकूण किती नायट्रस दिला याला फारसा अर्थ नाही, आठांपैकी प्रत्येक सिलिंडरला किती मिळाला आणि त्यासोबत पेट्रोल किती गेलं, हे बघायचं असतं.

फक्त मधल्या कार्बखाली प्लेट

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की बॉनेट उघडून मधला कार्ब तेवढा वर उचललेला दिसला की पुढचं सगळं कळतं.

ओहायोतल्या एका नाशिककर मुलाची रोड रनर होती. इंजिन 440, तीन होली दोन-बॅरल, कंपनीच्या आकड्यानुसार 390 हॉर्सपॉवर. गाडी देखणी आणि बरीचशी मूळ अवस्थेत. त्याने मधल्या कार्बखाली नायट्रस आणि पेट्रोल फवारणारी प्लेट सरकवली, 125 हॉर्सपॉवरचे जेट (प्रवाह मोजून सोडणारी छिद्रं) घातले आणि नायट्रस सुरू करणारा थ्रॉटलचा मायक्रोस्विच मधल्या कार्बच्याच लिंकेजवर (पेडलशी जोडणाऱ्या दांड्यांवर) बसवला. पहिली धाव उत्तम गेली. दुसऱ्या धावेत तिसरा गिअर पडल्यावर चट्‌ असा आवाज आला, मागे निळा धूर, आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या ब्रीदरमधून वाफ यावी तसा धूर यायला लागला. त्याला वाटलं हेड गॅस्केट गेलं.

गाडी माझ्याकडे आल्यावर आम्ही आधी आठही प्लग काढून क्रमानं वर्तमानपत्रावर मांडले. 3, 4, 5 आणि 6 चे प्लग काजळीनं मखमलीसारखे काळे. 1, 2, 7 आणि 8 चे पांढरेफटक. सात नंबरच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके होते, आणि भिंगाखाली त्यांतले काही चमकत होते. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम होतं. प्लगच्या पट्टीची कड गोल झाली होती. हेड काढलं तेव्हा सात नंबर पिस्टनची वरच्या रिंगवरची कड एका बाजूनं तुटून गेलेली, आणि तो तुकडा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढून गेला होता.

झालं होतं ते असं. या इंजिनात रोजच्या चालवण्यात फक्त मधला कार्ब काम करतो. पुढचा आणि मागचा कार्ब व्हॅक्यूमच्या डायफ्रॅमवर उघडतात. पेडल जमिनीला टेकवलं तरी ते लगेच उघडत नाहीत, इंजिनानं पुरेशी हवा ओढल्यावरच उघडतात. पण मायक्रोस्विच मधल्या कार्बवर असल्यामुळे पेडल दाबताक्षणी, अगदी 2000 आरपीएमला, नायट्रस सुटला. नायट्रस वायू होऊन मॅनिफोल्डच्या (कार्बपासून सिलिंडरांपर्यंतच्या नळ्यांच्या) वळणांतून टोकांपर्यंत सहज पोचतो. त्याच्यासोबत फवारलेलं पेट्रोल जड थेंबांचं, ते वळणावर वळत नाही, जवळच्या पोर्टांत उतरतं. म्हणून मधले चार सिलिंडर पेट्रोलनं भिजले आणि टोकाच्या चारांना ऑक्सिजन मिळाला पण पेट्रोल मिळालं नाही. त्यात बाटलीतला वायू मॅनिफोल्डमध्ये फुगला की मधल्या कार्बमधून ओढली जाणारी हवा कमी होते. बाहेरच्या डायफ्रॅमना उघडायचा इशारा त्याच हवेच्या ओढीतून मिळतो, म्हणजे ते आणखी उशिरा उघडणार.

आणि ते उघडल्यावर चित्र पार उलटतं. आता टोकांकडून हवेचा लोंढा येतो आणि नायट्रस मधल्या चार सिलिंडरांकडे ढकलला जातो. 125 चा डोस आठांत वाटला तर प्रत्येकी साडेपंधरा हॉर्सपॉवर. तोच मुख्यतः चारांत गेला तर त्या चारांच्या दृष्टीनं तो अडीचशेचा डोस आहे, आणि मूळ कास्ट पिस्टनवर इतका भार टाकायची माझी तयारी नाही. म्हणजे एकाच धावेत आधी टोकाचे सिलिंडर भाजतात आणि नंतर मधले. जेट बदलून यातून सुटका नाही.

मी काय करतो ते सांगतो. मूळ मॅनिफोल्डला हात लावत नाही, तो स्वच्छ करून, कापडात गुंडाळून ठेवून देतो. 440 सिक्स पॅकचा (तीन दोन-बॅरल कार्बच्या जोडणीचा) सुरुवातीचा मूळ एडलब्रॉक अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्ड ड्रिल केलेला पाहिला की मला खरोखर वाईट वाटतं. नव्यानं बनवलेली प्रत विकत घ्यायची, तिच्या आठही रनरमध्ये (प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) एकेक नोझल बसवायचा, प्रत्येकाला नायट्रसचा आणि पेट्रोलचा स्वतंत्र जेट. खर्च जास्त, नळ्या वाकवण्यात आठवडे जातात, पण वाटप तुमच्या हातात राहतं. ड्रिल अजिबात नको असेल तर तिन्ही कार्बखाली प्लेटा घाला, हेमीवर दोन्हीखाली. मग लिंकेजची लांबी, पेट्रोलची नळी आणि बॉनेटची उंची हे तिन्ही पुन्हा तपासा, कारण प्लेटेनं सगळं वर जातं.

मायक्रोस्विच एक नाही, दोन, आणि तेही सिरीजमध्ये: एक मधल्या कार्बवर, दुसरा बाहेरच्यापैकी सगळ्यात उशिरा उघडणाऱ्यावर. दोन्ही दाबले गेल्याशिवाय नायट्रस सुटता कामा नये. नायट्रसच्या गाडीवर मी शक्यतो व्हॅक्यूम काढून मेकॅनिकल लिंकेजच लावतो. शुद्धतावादी मंडळी नाराज होतात, होऊ देत. बटरफ्लाय, म्हणजे कार्बमधली हवेची झडप, नक्की कुठे आहे हे मला ठाऊक असलंच पाहिजे.

या सगळ्याच्या आधी एक साधी तपासणी आहे. एकानं सीटवर बसून पायानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं टॉर्च घेऊन प्रत्येक कार्बमध्ये डोकवायचं. लिंकेज हातानं ओढून बघू नका, हातानं सगळं उघडतं. पायानं दाबल्यावर कधी कार्पेट आडवं येतं, कधी केबल ताणलेली निघते आणि मागचा कार्ब पाऊणच उघडतो. डायफ्रॅम असतील तर ते फाटलेले नाहीत ना हेही बघा, पन्नास वर्षांचं रबर आहे ते.

कार्बच्याच नळीतून नायट्रसचं पेट्रोल

दुसरी चूक दिसायला निरुपद्रवी आहे. किटमधला टी-जोड कार्बच्या नळीवर लावायचा आणि नायट्रसच्या पेट्रोल सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हला) तिथूनच पेट्रोल द्यायचं. दहा मिनिटांचं काम, म्हणून सगळ्यांना आवडतं.

ढोबळ हिशेब करा. एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं. 390 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात तासाला 88 किलोच्या आसपास पितं. त्यावर 150 चा डोस दिला की आणखी 34 किलो, आणि तेही एका सेकंदाच्या आत मागितलेलं. इंजिनावरचा जुना मेकॅनिकल पंप हे पुरवू शकत नाही. सोलेनॉइड उघडला की नळीतलं प्रेशर खाली येतं आणि रांगेतल्या शेवटच्या कार्बचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा व्हायला लागतो. एका कार्बच्या गाडीत सगळं इंजिन एकदम ढेपाळतं आणि चालवणारा पाय उचलतो. तीन कार्बच्या गाडीत फक्त एका टोकाचे सिलिंडर कोरडे पडतात, बाकीचे जोरात ओढत राहतात आणि सीटवर बसलेल्याला काहीच कळत नाही. म्हणून इथे ही चूक जास्त महाग पडते.

टाकीपासून वेगळी नळी, वेगळा इलेक्ट्रिक पंप, वेगळा रेग्युलेटर. पंपाची ताकद कार्बवर टाकायची तर मुळीच नाही, कार्टर एएफबीच्या नीडलला सहा पीएसआयच्या पुढचं प्रेशर सोसत नाही आणि कार्ब ओसंडून वाहतो.

रेग्युलेटर लावतानाही घोळ होतो. पेट्रोल थांबलेलं असताना गेजवर सहा दिसले की मंडळी नट घट्ट करून मोकळी होतात. सोलेनॉइड उघडला की तेच सहा साडेचारवर येतात. किटच्या तक्त्यातला आकडा वाहत्या पेट्रोलचा असतो, तेव्हा तो वाहत्या पेट्रोलवरच लावायचा. मी नोझल मॅनिफोल्डबाहेर काढून, गॅरेजबाहेर मोकळ्या जागेत, आठ सारख्या मापाच्या ग्लासांत पेट्रोल सोडतो. बॅटरी आणि ठिणगी लांब, अग्निशामक हाताशी. एका मुलाच्या गाडीवर सात ग्लास सारखे भरले आणि आठवा अर्ध्यावरच राहिला. जेट काढला तर आत टेफ्लॉन टेपची केसाएवढी पांढरी चिंधी अडकलेली. ती गाडी तशीच ट्रॅकवर गेली असती तर तो पिस्टन वाचला नसता. नायट्रसच्या नळ्यांवर टेफ्लॉन टेप कुठेच वापरू नका. फ्लेअर जोडांना काहीच लागत नाही, पाइपच्या आट्यांना पातळ सीलंटचा एक थेंब पुरतो, तोही पहिला आटा सोडून.

आणि पेट्रोल प्रेशरचा स्विच बसवा, जो प्रेशर पडताच नायट्रस बंद करील. त्याला पर्याय नाही.

बाकीच्या चुका

इग्निशनचं टायमिंग मागे न घेणं, म्हणजे ठिणगी उशिरा पडू न देणं. दर 50 हॉर्सपॉवरला दोन अंश हा जुना नियम आहे आणि तो पाळावा. एकूण 34 असेल तर 100 च्या डोसला 30. मात्र हा आकडा टायमिंग लाइट लावून, 3000 च्या वर फिरवून बघा. या डिस्ट्रिब्युटरांमधल्या स्प्रिंगा थकलेल्या असतात, आयडलला बरोबर दिसणारं टायमिंग वर कुठेही जातं. प्लॅटिनम पॉइंट अजून असतील तर ते काढून इलेक्ट्रॉनिक करा, मिसफायर आणि नायट्रस एकत्र आले की मॅनिफोल्डमध्ये स्फोट होतो.

प्लग एक-दोन पायऱ्या थंड, टोक पुढे न आलेले, गॅप 0.035 इंच.

इंजिन नव्यानं बांधताना रिंगचा गॅप नेहमीचाच ठेवणं. नायट्रसच्या उष्णतेनं रिंग फुगते, दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तोडतात. मशीनवाल्याला नायट्रसचं आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. 10.5 कम्प्रेशनवर पंपावरचं 93 ऑक्टेनचं पेट्रोल घालून मोठा डोस देणाऱ्याला मी मदत करत नाही.

3000 आरपीएमच्या खाली नायट्रस. विंडो स्विच (ठरावीक आरपीएममध्येच नायट्रस सुटू देणारा) लावा, खालची मर्यादा 3000, वरची रेडलाइनच्या थोडी अलीकडे.

बाटली टॉर्चनं तापवणं. हे करणारा माणूस दिसला तर त्याच्यापासून लांब जा. 900 ते 950 पीएसआय हवं असतं, 21 अंशांना साधारण 760 मिळतं, म्हणून प्रेशर स्विच असलेला हीटर मिळतो तो घ्या. 36.4 अंशांच्या वर बाटलीत द्रव शिल्लकच राहत नाही, तेव्हा उन्हात तापलेल्या डिकीतली बाटलीही तपासल्याशिवाय उघडू नका. बाटलीचा व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला, लेबल वर. सेफ्टी डिस्क फुटली तर वायू गाडीबाहेर जाईल अशी नळी हवीच, आणि दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी).

सोलेनॉइड गळतोय का हे न बघता स्टार्टर मारणं. गाडी रात्रभर उभी असेल आणि बाटली उघडी राहिली असेल तर किल्लीला हात लावण्याआधी बाटली बंद करा, कॉइलची वायर काढा, थ्रॉटल उघडा धरून इंजिन स्टार्टरवर थोडं फिरवा. मॅनिफोल्ड मोकळा झाल्यावरच वायर लावा.

सगळ्यात लहान जेटपासून सुरुवात न करणं. पहिली धाव 75 किंवा 100 वर. शेवटच्या रेषेवर पाय उचला, इग्निशन लगेच बंद करा, गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्या आणि ढकलत पिटमध्ये आणा. चालवत आणलीत तर प्लगवरचा पुरावा पुसला जातो. मग आठही प्लग काढा, क्रमानं मांडा, भिंगाखाली बघा. आठही एकसारखे दिसत नसतील तर त्या दिवशी जेट वाढवायचा नाही, वेगळा दिसणारा सिलिंडर कोणत्या कार्बखाली येतो ते बघायचं आणि तिथून शोध सुरू करायचा.