अन्न वाया जायचं थांबवायचंय? रात्री ओटा आवरताना सुरुवात करा

माझ्या बघण्यात तरी घरातलं अन्न पानात टाकल्यामुळे वाया जातं त्यापेक्षा जास्त फ्रीजमध्ये वाया जातं. रात्री जेवणं झाली, वाटीभर आमटी उरली, दोन पोळ्या, थोडा भात, मग ते डब्यात घालून झाकण लावून आत ढकलायचं आणि म्हणायचं उद्या बघू. उद्या कोणी बघत नाही, चार दिवसांनी झाकण उघडलं की वास येतो आणि सगळं ओल्या कचऱ्यात. म्हणून माझं सांगणं एकच आहे, उरलेल्याचं काय करायचं ते डबा फ्रीजमध्ये जायच्या आधी ठरवा, रात्रीच.

हे एवढं जीव तोडून का सांगतेय तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय, सालं-बिया धरून. म्हणजे चार माणसांच्या घरात दोनशे किलोच्या वर. आणि मुंबईत ते टाकलं म्हणजे नाहीसं होत नाही हो. ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा लागली नाही की कुजून मिथेन वायू तयार होतो, तोच पेटही घेतो. देवनारच्या डंपिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धूर पार लांबपर्यंत गेला, पण रोज त्या ढिगाला लागून राहतात ती गोवंडी-शिवाजीनगरची माणसं. आपण सुखाने टाकलेला भात त्यांच्या श्वासात जातो, मला हे फार लागतं.

आता शिजवण्यापासून बघू. आपल्याकडे कोण किती वाजता घरी येईल याचा भरवसा नसतो, लोकल लेट झाली की पोरं स्टेशनबाहेर वडापाव खाऊन येतात आणि घरी येऊन अर्धी पोळी खातात. तेव्हा संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून घ्या आज कोण कोण जेवणार. कणीक थोडी जास्त मळली तरी हरकत नाही, तेलाचा हात लावून डब्यात ठेवली की सकाळच्या डब्याला होते, पण पोळ्या मोजूनच लाटायच्या. तांदूळ रोज एकाच वाटीने मोजा, आठ दिवसांत आपल्या घराचं माप कळतं. आणि पातेल्याचा तळ दिसला की कमी पडलं असं वाटतं ना, ते मनातून काढून टाका, कोणाला खरंच भूक राहिली तर पोहे काही लांब नाहीत.

भाजीचं म्हणाल तर रविवारी दादरला जुड्या स्वस्त दिसल्या म्हणून मेथी, पालक, चवळी तिन्ही उचलू नका, पालेभाजी एका वेळी एकच आणि ती दोन दिवसांत संपवायची. हल्ली दहा मिनिटांत सामान दारात येतं, मग साठा कशाला करायचा? पण त्याच ॲपवर डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून आपण नको असलेलं काहीतरी टाकतो आणि तेच सडतं, तिकडे लक्ष ठेवा. कोथिंबीर आणली की धुवायची नाही, मुळं कापून पिवळी-काळी पानं काढायची, पावसाळ्यात जुडी भिजलेलीच येते तेव्हा कागदावर पसरून पंख्याखाली कोरडी होऊ द्यायची, मग सुती फडक्यात सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. फडकं दमट लागलं की बदलायचं. अशी ती आठवडाभर तरी छान राहते, काड्या वाटणात घाला. मिरच्यांची देठं काढून ठेवा, कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, रवा कोरडा भाजून भरा म्हणजे पावसाळ्यात किडे होत नाहीत. पाकिटावर बेस्ट बिफोर असेल तर ती चवी-दर्जाची तारीख असते, नीट ठेवलेला पदार्थ ती उलटली म्हणून लगेच फेकायचा नसतो, युज बाय किंवा एक्स्पायरी असेल तर मात्र खाऊ नका.

दोडका सोलला की शिरा टाकता का? बारीक चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता, घाई केली तर जळतात आणि कडू लागतात, मग त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून अजून जरा परता आणि गार झाल्यावर जाडसर कुटा. भाकरीबरोबर खा, मी तर म्हणते दोडक्याच्या भाजीपेक्षा ही शिरांची चटणीच भारी लागते.

भाताचं मात्र जरा गंभीरपणे घ्या. रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या भाताला सकाळी फोडणी द्यायची सवय बऱ्याच घरांत आहे, ती सोडा. बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, गरम हवेत वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. भात पसरट डब्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच. सकाळी फोडणी त्याच भाताला द्या, मस्त मोकळा होतो.

आता ते रात्रीचं ठरवणं. ओटा पुसायच्या आधी एकेका भांड्याकडे बघून सरळ बोलायचं: पोळ्या, उद्या डब्याला कुस्करा. वरण, उद्या संध्याकाळी वरणफळं. कोरडी भाजी, थालीपीठात. डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहायचा आणि उरलेल्याचे डबे फ्रीजच्या एकाच कप्प्यात पुढे ठेवायचे, दार उघडलं की पहिले तेच दिसले पाहिजेत. ज्याचं काही ठरत नाही ते कोणाला द्यायचं तेही तेव्हाच ठरवा, कारण द्यायचं तर ताजं असतानाच द्यायचं. तीन दिवस फ्रीजमध्ये पडलेली भाजी मावशींच्या हातात ठेवणं हे मला अजिबात पटत नाही. आपण स्वतः खाऊ असं असेल तरच आणि आधी विचारून, त्यांना नको असेल तर नको. घरी मुंज, पूजा, बारसं असेल तर जेवण उरल्यावर शोधाशोध नको, माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी मुंबईत सुरू केलेल्या रोटी बँकेसारख्या संस्थेशी आधीच बोलून ठेवा, अन्न किती वाजता शिजलं आणि साधारण किती जणांचं उरेल हे सांगायची तयारी ठेवा. वाढून झालेलं, पानातलं द्यायचं नाही, केटररला एक पातेलं वेगळं झाकून ठेवायला सांगा.

एवढं करूनही सालं, देठं, चहाचा चोथा राहतोच. सोसायटी मोठी असेल, रोज १०० किलोच्या वर ओला कचरा निघत असेल तर तो आवारातच जिरवा असं महापालिकेने २०१७ मध्येच सांगितलंय, तुमच्याकडे काय चाललंय ते सेक्रेटरींना विचारा. घरच्या घरी करायचं तर झाकणाची बादली घ्या, बाजूने आणि तळाला भोकं पाडा, खाली ताटली. तळाशी सुक्या पानांचा जाड थर, त्यावर बारीक चिरलेली सालं, त्यावर परत तेवढीच सुकी पानं किंवा कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं रोज. चहाचा चोथा दुधाचा असेल तर आधी धुऊन घ्या. मासे, मटण, तेलकट उरलेलं फ्लॅटमधल्या बादलीत घालू नका, वासाने शेजारी भांडायला येतील. आठवड्यातून दोनदा काठीने हलवा. मूठभर घेऊन दाबल्यावर पाणी गळलं किंवा घाण वास आला तर सुकी पानं वाढवा, अगदी कोरडं ठणठणीत असेल तर थोडं पाणी शिंपडा. दोन-अडीच महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत होतं, ते चाळून घ्या आणि जे जाड राहिलं ते पुढच्या बादलीच्या तळाला टाका, त्याने पुढचं लवकर होतं.