साक्रीच्या वाऱ्यासाठी पातं: क्यूब्लेड ते ओपनफोम

पवनचक्कीचं पातं संगणकावर आखायचं, तर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या आहेत तेवढ्या अवाढव्य पवनचक्कीपासून सुरुवात करू नका. ३ मीटर व्यासाचं, तीन पात्यांचं रोटर (फिरणारं चाक) घ्या. वायुगतिकी तीच आणि निम्मं काम साध्या लॅपटॉपवर उरकतं.

आधी हवेची घनता. सॉफ्टवेअरमध्ये १.२२५ किलो प्रति घनमीटर हा आकडा आयता भरलेला असतो. तो समुद्रसपाटीचा, १५ अंश सेल्सिअसचा. ६०० मीटर उंचीवर, उन्हाळ्यातल्या ४० अंशांत घनता १.०५ पर्यंत उतरते. पण इथला जोराचा वारा जून ते ऑगस्टमधला, तेव्हा २७ अंश धरून १.०९ भरा. आयता आकडा तसाच राहिला तर वीज १२ टक्के फुगून दिसते, आणि पुढे कितीही बारीक मेश (गणितासाठी हवेचे पाडलेले तुकडे) केली तरी ही चूक निघत नाही.

वारा सेकंदाला ८ मीटर आणि टोकवेग गुणोत्तर (टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) ६ घेतलं, तर पात्याचं टोक ४८ मीटर वेगाने धावतं, म्हणजे मिनिटाला साधारण ३०६ फेरे. लहान पवनचक्क्यांसाठीच आखलेला एसजी ६०४३ हा छेद (पात्याच्या आडव्या कापाचा आकार) निवडा. लिफ्ट (उचल) गुणांक १.१, अँगल ऑफ अटॅक (वारा आणि छेद यांच्यातला कोन) ५ अंश. मग ७० टक्के त्रिज्येवर रुंदी १० सेंटीमीटर आणि पीळ ४ अंश येतो. २० टक्क्यांवर सूत्र २४ सेंटीमीटर रुंदी आणि २१ अंशांचा पीळ सांगतं. तिथली रुंदी २० सेंटीमीटरवर छाटा. मुळाकडून वीज थोडीच मिळते, वजन मात्र फार वाढतं.

आता क्यूब्लेड, म्हणजे रोटरची वीज काढून देणारं सॉफ्टवेअर. ७० टक्के त्रिज्येवर रेनॉल्ड्स नंबर (वेग, रुंदी आणि हवेच्या चिकटपणावरून निघणारा प्रवाहाचा आकडा) २ लाखांच्या घरात आहे, म्हणून लिफ्ट-ड्रॅगचे (ड्रॅग म्हणजे हवेचा अडथळा) आलेख १, २ आणि ३ लाखांवर काढा. इंटरनेटवरचा १० लाखांचा आलेख उचललात तर ड्रॅग कमी दिसतो आणि रोटर कागदावरच भारी ठरतं. खानदेशातली धूळ पात्याच्या पुढच्या कडेवर बसते, तिच्यासाठी एनक्रिट (प्रवाह किती लवकर खवळतो ते ठरवणारा आकडा) ९ वरून ५ वर आणून दुसरी फेरी घ्या. आलेख ३६० अंशांपर्यंत वाढवा, प्रांटलची टोकहानी (टोकाशी हवा निसटून होणारी घट) सुरू ठेवा. शक्तिगुणांक (वाऱ्यातल्या ऊर्जेचा रोटरने घेतलेला वाटा) ०.४२ आला तर सुमारे ८३० वॉट.

फ्रीकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉफ्ट करताना (छेद जोडून पात्याचा आकार बनवताना) प्रत्येक छेदाचे बिंदू सारख्याच संख्येचे हवेत, आणि सुरुवात मागच्या कडेपासूनच. एका छेदाची सुरुवात पुढून झाली की पृष्ठभाग पिळलेल्या फडक्यासारखा मुरगळतो. मागची कडही टोकदार ठेवू नका. शून्य जाडीच्या कडेवर मेशचे थर कोसळतात; अर्धा ते एक मिलिमीटर जाडी द्या. फ्रीकॅडची एसटीएल (आकाराची फाइल) मिलिमीटरमध्ये निघते आणि हवेचा प्रवाह सोडवणारा ओपनफोम तिला मीटर समजतो. ०.००१ ने लहान करायला विसरलात तर पातं दीड किलोमीटरचं होतं.

ओपनफोममध्ये एकाच पात्याचा १२० अंशांचा तुकडा पुरतो, दोन्ही कडांना चक्रीय सीमा (एका कडेतून गेलेला प्रवाह दुसऱ्या कडेतून आत येतो). वाऱ्याकडे ३ व्यास, मागे १०, बाजूला ५ अंतर ठेवा. पात्याला चिकटून पहिला थर ०.०२ मिलिमीटर, वाढ १.२, थर २०. वायप्लस (पहिल्या थराची पृष्ठभागापासूनची मापरहित उंची) १ च्या जवळ राहतो. फिरण्यासाठी एमआरएफ (मेश न हलवता फिरती चौकट धरणारी पद्धत), प्रक्षुब्धतेसाठी के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल. २ लाखांच्या रेनॉल्ड्सला पात्यावर बराच प्रवाह लॅमिनर (शांत, थराथरांचा) असतो, म्हणून प्रवाह कुठे खवळतो ते धरणारी त्याची लँगट्री-मेंटर आवृत्ती वापरलेली बरी. साधं एसएसटी ड्रॅग जास्त दाखवतं.

टॉर्क (फिरवणारा जोर) उणे आला तर बहुधा ओमेगाचं (फिरण्याच्या वेगाचं) चिन्ह उलटं पडलेलं असतं. नाहीतर पात्याचा पीळ आरशातल्यासारखा उलटा झालेला असतो. टॉर्कला ३ ने गुणायला विसरू नका. मेश दुप्पट करून टॉर्क २ टक्क्यांहून जास्त हलला तर मेश अजून कच्ची आहे. आणि शक्तिगुणांक बेट्झच्या ०.५९३ या कमाल मर्यादेच्या वर गेला, तर आधी बाजूची भिंत किती जवळ आहे ते मोजा: ती वाऱ्याला कोंडून रोटरकडे ढकलते.